पहिल्या फोटोवॉकला येताना

दादरच्या फुलबाजारात पहिल्यांदाच ग्रुपबरोबर येताय, तर नवी लेन्स घेऊ का हा प्रश्न आधी बाजूला ठेवा. आहे तो कॅमेरा आणा, मोबाइलही चालेल. सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- बॅटरी रात्रीच चार्ज करा, कार्ड रिकामं करा. पाठीवरची सॅक गर्दीत पुढे घ्या. चपला नकोत, खाली पाणी आणि सडलेली पानं असतात.
- उजाडण्याआधीच पोचा. खरी धांदल तेव्हाच असते. शटरचा वेग १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) ऑटोवर सोडा. डोक्यावर झेंडूची पाटी घेतलेला माणूस तुमच्यासाठी थांबणार नाही. फोटोत थोडे दाणे (बारीक ठिपके) आले तर येऊ देत, हललेला चेहरा मात्र नंतर सुधारत नाही.
- भवानीच्या वेळी गिऱ्हाईक आणि फुलवाल्याच्या मधे उभं राहू नका. हार ओवणाऱ्या मावशींना आधी "काढू का?" विचारा. नाही म्हणाल्या, तर हसून पुढे.

नवखे हमखास एक चूक करतात: सगळ्यांनी जिकडे कॅमेरे रोखलेत तिकडेच आपलाही रोखतात. मग दहाजणांकडे एकच फोटो! त्यापेक्षा एक कोपरा धरून पंधरा मिनिटं उभे राहा. सुतळीत शेवंती ओवणारी बोटं, तराजू, ओल्या नोटा, सगळं आपोआप समोर येतं.

रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), फ्लॅश, एडिटिंग सध्या राहू द्या. ट्रायपॉडही घरीच. त्याला हमाल अडखळला, तर शिव्या आख्ख्या ग्रुपला बसतील.