समुपदेशक नुसतं ऐकून घेतात की सल्लाही देतात?

ऐकतात भरपूर, सल्ला क्वचितच देतात. खरं काम चालतं ते प्रश्नांमधून. माझे थेरपिस्ट आरईबीटी (रॅशनल इमोटिव्ह बिहेविअर थेरपी) पद्धतीने काम करायचे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ही पद्धत सुरू केली. आपल्याकडे ती मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी रुजवली. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल मनाशी धरलेला हट्ट आपल्याला जास्त छळतो, हे तिचं मूळ.

तिसऱ्या भेटीत मी म्हणाले, "प्रेझेंटेशन चांगलं झालंच पाहिजे." थेरपिस्टनी ते वाक्य कागदावर लिहिलं आणि त्यातल्या 'च'भोवती पेन्सिलीने गोल केला. "नाही झालं, तर नेमकं काय होईल?" मला काही सांगताच येईना. मग त्यांनी माझ्याकडूनच ते वाक्य बदलून घेतलं: "चांगलं व्हावं असं मला मनापासून वाटतं." ते मोठ्याने वाचताना माझा घसा दाटून आला होता.

गृहपाठही असतो, आणि माझ्या मते खरा बदल तिथेच होतो. ज्याची भीती वाटते ते आठवड्यातून एकदा तरी करून यायचं. मी मीटिंगमध्ये मुद्दाम एक प्रश्न विचारला. आवाज कापत होता, पण विचारला.

प्रत्येकाची पद्धत वेगळी असते, त्यामुळे पहिल्याच भेटीत "तुम्ही कसं काम करता?" हे बिनधास्त विचारा.