संगणकावर रुग्णाच्या नोंदी लिहिताना कोणत्या चुका टाळाव्यात? मी पुण्यातील रुग्णालयात नुकतीच निवासी डॉक्टर म्हणून रुजू झाले आहे.

कालची नोंद कॉपी करून आज चिकटवणे, ही सर्वांत घातक सवय आहे. पावसाळ्यात पुण्यात डेंग्यूचे रुग्ण वाढले की हा मोह फार होतो. पण डेंग्यूत धोक्याचा काळ बहुधा ताप उतरताना सुरू होतो, त्यामुळे नर्सच्या तक्त्यात ताप उतरलेला आणि आपल्या नोंदीत मात्र कालचाच ‘ताप १०२’ राहिला, तर केवळ आपली नोंद वाचणाऱ्या रात्रपाळीच्या डॉक्टरांना नेमकी महत्त्वाची गोष्टच कळत नाही.

टेम्प्लेटने आपोआप भरलेले ‘नॉर्मल’ न तपासलेल्या अवयवापुढून काढून टाका. माझ्या मते खोट्या नोंदीपेक्षा रिकामी जागा कितीतरी बरी. अ‍ॅलर्जी तिच्या ठरलेल्या रकान्यातच भरा, कारण औषध लिहिताना इशारा देणारी प्रणाली सहसा तोच रकाना वाचते. दुसऱ्याच्या लॉगिनवर काम करू नका. चूक आढळल्यास जुना मजकूर न पुसता तारीख-वेळेसह दुरुस्ती जोडा. बदल कोणी व केव्हा केला हे ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे संगणकाने आपोआप ठेवलेल्या बदलांच्या नोंदीत, उमटतेच, शिवाय २००२ च्या वैद्यकीय आचारसंहिता नियमांनुसार रुग्णाने मागितल्यास या नोंदी ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात.