पाळीव प्राण्यांचे कॅमेरे मालकांना दाखवताना

बेळगावच्या टिळकवाडीत कुत्री-मांजरे सांभाळायला घेण्याचे तुम्ही ठरवले असेल, तर कॅमेऱ्यांच्या आधी त्यांचे चित्र मालकांना दाखवणारे सॉफ्टवेअर निवडा. प्रत्येक मालकाला स्वतंत्र लॉगिन देता येते का, त्याला केवळ आपल्याच प्राण्याची खोली दिसते का आणि प्राणी घरी गेल्यावर ती परवानगी आपोआप बंद होते का, हे मी सर्वांत आधी पाहतो. कारण सगळ्यांना एकच पासवर्ड दिला, की महिन्यापूर्वीचा ग्राहकही तुमच्या वास्तूत डोकावू शकतो.

यानंतर अपलोडचा वेग तपासा. १०८०पी म्हणजे फुल एचडी चित्राला, एच.२६४ या व्हिडिओ लहान करण्याच्या पद्धतीत, साधारण ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट) लागतात. पाच मालकांनी एकाच वेळी थेट तुमच्या रेकॉर्डरवरून (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रावरून) पाहिले, तर २० एमबीपीएस खर्च होतात. म्हणून चित्र एकदाच सर्व्हरवर नेऊन तेथून सर्वांना पुरवणारी सेवा घ्या. राउटरवर पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून थेट आत येण्याची वाट, उघडायला सांगणारी जोडणी स्वीकारू नका. कॅमेरे ऑनव्हिफ या, वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांशी जुळवणाऱ्या मानकाचे असावेत, म्हणजे पुढे सॉफ्टवेअर बदलता येते.

पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, वीज गेली तरी राउटर आणि रेकॉर्डर यूपीएसवर चालले पाहिजेत. आवाजाचे प्रक्षेपण मात्र बंदच ठेवा. पहिल्या रात्रीचे रडणे ऐकून मालक हवालदिल होतात.