शेवटचा एक काप

प्रश्न : वय 34, नोकरी बसून करायची, सुट्टीच्या दिवशी लाकूडकामाचा छंद. तीन आठवड्यांपूर्वी 4 इंची ग्राइंडरला दातेरी पातं लावून पट्ट्या कापत होतो. मध्ये येतो म्हणून गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण, काढला होता. शेवटचा वीतभर तुकडा डाव्या हातात धरला, मशीन उजव्या हातात. ते एकदम उसळलं आणि डाव्या तर्जनीला 6 टाके पडले. सुती हातमोजे घातले होते तरी! जखम भरली, पण बोटाची एक कड बधिर आहे. आई म्हणते, सगळी मशीनं विकून टाक. यापुढे नीट लक्ष देऊन काम केलं तर चालेल ना?

उत्तर : मशीनचं नंतर बघू, आधी बोट. बोटाच्या दोन्ही कडांनी स्पर्शाची एकेक नस जाते. एकच कड बधिर आहे म्हणजे त्या बाजूची नस कापली किंवा दुखावली गेली असावी. टाके सुकले म्हणून स्वस्थ बसू नका, याच आठवड्यात हाताच्या सर्जनला दाखवा. आणखी एक करून बघा : मधलं पेर दुसऱ्या हाताने धरून ठेवा आणि फक्त टोकाचं पेर वाकवा. वाकत नसेल तर तेही सांगा.

आता तुमचं ‘नीट लक्ष’. 4 इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. दचकून हात मागे घ्यायला माणसाला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, तेवढ्यात पातं छत्तीसेक वेळा फिरून झालेलं असतं. लक्ष नेहमी उशिराच पोचतं हो. हात कुठे असणार, हे ट्रिगर दाबायच्या आधीच ठरलेलं हवं.

हे मी शहाणपणाने सांगत नाही. माझ्या डाव्या मधल्या बोटाला टोकाचं पेर नाही. टेबल-सॉ (टेबलातून फिरतं पातं वर आलेली करवत), दिवसाचा शेवट, बोटभर रुंदीची एकच पट्टी राहिलेली. ढकलायची काठी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, तीन पावलांवर. तेवढी तीन पावलं मी चाललो नाही. सोबत्याने घाईघाईत तुटलेलं पेर थेट बर्फात टाकलं. तसं करायचं नसतं : स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून पिशवीत बंद करायचं आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. असो. आज जड काम अडत नाही, पण शर्टाचं कॉलरचं बटण लावताना ते पेर रोज आठवतं. नंतर मी एकच बदल केला, काठीचा हूक मशीनच्याच पायावर बसवला. आता ती न वाकता हाताला लागते.

तुमच्या बाबतीत तो हूक म्हणजे क्लॅम्प. तुकडा क्लॅम्पमध्ये, आणि दोन्ही हात मशीनवर : एक मुठीवर, दुसरा बाजूच्या दांड्यावर. दांडा काढून ठेवला असेल तर आजच लावा. क्लॅम्पमध्ये मावत नाही इतका छोटा तुकडा असेल तर हातकरवत घ्या.

दातेरी पातं ग्राइंडरला नकोच. दात लाकडात रुततो आणि मशीन झटका देऊन मागे येतं, तुमचं झालं ते हेच. शिवाय लाकडाच्या बऱ्याच पात्यांना इतका वेग सोसत नाही, मर्यादा पात्यावरच छापलेली असते. ती कुणी वाचत नाही, मीही वाचत नव्हतो. जे पातं लावण्यासाठी गार्ड काढावा लागतो, ते त्या मशीनचं नाहीच.

सुती मोज्यांनी वाचवायचं सोडाच, सुटा धागा पात्यात गुंतला तर तो हात आत ओढतो. ग्राइंडरवर ठिणग्यांसाठी घट्ट बसणारे चामड्याचे चालतात. टेबल-सॉ आणि स्टँडवरच्या ड्रिलवर मात्र हात उघडेच बरे.

पुन्हा मशीन धरताना हात थरथरला तर लाज वाटू देऊ नका. सर्जनने कामाला परवानगी दिल्यावर आधी प्लग काढलेल्या मशीनने पूर्ण काप घेऊन बघा : तुकडा कसा बांधला, वायर कुठून जाते, झटका आलाच तर मशीन कुठे जाईल. मी अजूनही नव्या कामाला हे करतो, पोरं हसतात. ट्रिगर सोडल्यावर पातं पूर्ण थांबेपर्यंत मशीन खाली ठेवायचं नाही, आणि डिस्क बदलताना प्लग आपल्या डोळ्यांसमोर हवा.

आईंना सांगा, मशीन विकत नाही. ते दातेरी पातं तर मुळीच विकू नका, दुसऱ्या कुणाच्या ग्राइंडरवर चढेल. व्हाइसमध्ये धरून वाकवा आणि भंगारात टाका.