अबलोनच्या खाद्यात केल्पऐवजी दुसरे कोणते समुद्री शेवाळ वापरता येईल?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: अबलोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारी एकशिंपी समुद्री गोगलगाय, हिच्या खाद्यात केल्प या मोठ्या तपकिरी समुद्री शेवाळाऐवजी दुसरे शेवाळ चालेल का, आणि कोल्हापुरात उसावर फवारायला मिळणारा शेवाळ अर्क त्यासाठी वापरता येईल का. मी येथे मत्स्यखाद्य तयार करण्याचे काम करतो, म्हणून उत्तर देत आहे.

अर्काचा विचार कृपया सोडून द्यावा. तो पिकासाठी बनवलेला असतो, त्यात टिकवणारी रसायने असू शकतात आणि शेवाळाचा जो चोथा या प्राण्याचे खरे अन्न आहे, तोच त्यातून बराचसा काढून टाकलेला असतो.

आपल्याकडे ऊसतोडीच्या हंगामात म्हशीला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, भरपूर मिळते, पण नुसत्या वाढ्यावर दूध टिकत नाही, सोबत पेंड लागतेच. केल्पचेही तसेच आहे. अबलोन ते आवडीने खातो, परंतु त्यातील प्रथिने कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपासच असतात, आणि ताजे शेवाळ बहुतांशी पाणीच असल्यामुळे १ किलो वाढीसाठी १० किलोहून अधिक ओला पाला खर्ची पडतो. शिवाय कोरियासारख्या ठिकाणी उन्हाळ्यात ताज्या पाल्याची टंचाई होते.

माझ्या मते पहिला पर्याय उल्वा हे पातळ, हिरव्या पानाचे शेवाळ आहे. दक्षिण आफ्रिकेत अबलोनच्या टाक्यांतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातच ते वाढवतात. त्या पाण्यातला अमोनिया ते शोषून घेते आणि त्याची प्रथिने ३० टक्क्यांपुढे जाऊ शकतात. मलमूत्राचे पाणी स्वच्छ होते आणि त्यातूनच चारा उभा राहतो, ही मला या साऱ्या उद्योगातली सर्वांत सुंदर व्यवस्था वाटते. खडकावरून गोळा केलेल्या उल्वाकडून मात्र एवढ्या प्रथिनांची अपेक्षा धरू नये.

ग्रॅसिलारिया हे लाल शेवाळही चांगले. त्याने शिंपल्याचा नवा भाग तांबूस होतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर सापडणारे सरगॅसम मी मुख्य घटक म्हणून सुचवणार नाही, कारण त्यात टॅनिनसारखी द्रव्ये आणि आर्सेनिक अधिक असते.

घटक ठरला तरी त्यापासून केलेली खाद्याची गोळी पाण्यात टिकते का, हा प्रश्न उरतोच, कारण अबलोन रात्री बाहेर पडतो आणि सावकाश खरवडून खातो. मी रत्नागिरीहून आणलेला उल्वा तीनदा गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून दळला. तरीही पहिल्या दळणात वाळू कचकचत होती. सोया पेंडीत मिसळून केलेली गोळी मिठाच्या पाण्यात तासाभरात विरघळून तळाशी गाळ झाली. तेच मिश्रण सोडियम अल्जिनेट हा शेवाळापासून मिळणारा बांधून ठेवणारा पदार्थ घालून, कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात बुडवून घट्ट केले, तेव्हा गोळी सकाळपर्यंत अखंड राहिली आणि नखाने दाबली असता रबरासारखी लवली.

आपण करणार असाल तर एकदम पूर्ण बदल करू नये. निम्म्या टाक्यांत जुनेच खाद्य चालू ठेवावे. शिंपला महिन्याला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर वाढतो, म्हणून किमान चार महिने थांबावे आणि दर पंधरवड्याला त्याच प्राण्यांची लांबी व वजन घेऊन, कडेला उमटणाऱ्या नव्या पट्ट्याची रुंदी दोन्ही टाक्यांत ताडून पाहावी.