रवंथ: च्युइंगमचा होत नाही

प्रश्न आला आहे तो असा: ‘रवंथ करणे’ म्हणजे सावकाश चघळत राहणे का? आणि हा शब्द ‘रव’ आणि ‘मंथन’ मिळून झाला आहे का?

नाही आणि नाही. हल्ली समालोचक क्षेत्ररक्षकाला च्युइंगमचा रवंथ करायला लावतात, लेखक मंडळी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना तंबाखूचा. अहो, एकदा गिळल्याशिवाय रवंथ होईलच कसा? बसलेल्या गाईच्या मानेकडे बघा. एक गोळा खालून सरसर वर चढतो, मग जबडा आडवा फिरू लागतो, मग गिळणं, जरा उसंत, की दुसरा गोळा हजर. घोडा दिवसभर चरेल, पण रवंथ करणार नाही. तंबाखू गिळून परत वर आणणारा कोणी असेल, तर त्याला आधी दवाखान्यात न्या.

‘रव + मंथन’ ही घरगुती व्युत्पत्ती. मूळ संस्कृत शब्द ‘रोमन्थ’. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव, आमलकाचा आवळा. तसाच इथेही मधल्या ‘म’चा ‘व’ झाला. एवढंच.

खरी गंमत पाणिनीकडे आहे. नामांची क्रियापदं बनवताना सूत्र ३.१.१५ मध्ये त्याने रोमन्थ आणि तप यांना शेजारी बसवलंय, म्हणजे गाय आणि तपस्वी एकाच ओळीत! त्यावर वार्तिक, म्हणजे सूत्राला जोडलेली पुस्ती, आहे: ‘हनुचलने इति वक्तव्यम्’. जबडा हलत असेल तरच ‘रोमन्थायते’ (रवंथ करतो) म्हणा. ही पुस्ती कशाला? तर ‘कीटो रोमन्थं वर्तयति’ इथे ते रूप होऊ नये म्हणून. किड्याचा रोमन्थ म्हणजे काय, तर मागच्या दाराने बाहेर पडलेला ऐवज! भट्टोजी दीक्षितांनी सिद्धान्तकौमुदी या आपल्या व्याकरणग्रंथात हे अगदी गंभीर चेहऱ्याने नोंदवलंय. शिवाय ‘वर्तयति’ म्हणजे नेमकं काय करतो, यावर जुन्या टीकाकारांत वाद आहेच. कैयट म्हणतो किडा ते खातो. न्यासकार आणि हरदत्त म्हणतात त्याचा गोळा करतो. मी हरदत्ताच्या बाजूने. डोकं खाली, मागचे पाय गोळीवर, उलटा चालत गोळी ढकलणारा शेणकिडा ज्याने पाहिलाय तो ‘वर्तयति’चा अर्थ ‘खातो’ असा लावणारच नाही. पुढे तो ती खातो हे खरं, पण क्रियापद फिरवण्याचं आहे. कैयटाने पोथीतून मान वर काढायला हवी होती. च्युइंगमवाल्यांची पळवाटही भट्टोजींनी तिथेच बुजवून ठेवली आहे: चावलेलं ओढून आणून पुन्हा चावणं, नुसता जबडा हलवणं नव्हे.

आता माझा लाडका मुद्दा. बाराव्या शतकातला व्याकरणकार हेमचंद्र प्राकृतात रोमन्थ-क्रियेसाठी दोन धातू देतो, ओग्गाल आणि वग्गोल. वग्गोलचं गुजरातीत ‘वागोळवुं’ झालं. तिकडे आठवणीसुद्धा वागोळतात, तेही आवडीने. मग ओग्गाल कुठे गेला? माझ्या मते आपल्याच ‘उगाळणे’त बसलाय. जोडलेला ‘ग्ग’ सैल होऊन ‘ग’ झाला, ‘ल’चा ‘ळ’ झाला, सगळं नेहमीच्या वाटेने. यावर लोक लगेच सहाण आणि चंदन पुढे करतात. चंदन उगाळलं तर ते झिजतं. जुनं भांडण उगाळलं तर झिजतं का हो? उलट ताजं होऊन बाहेर येतं. तीस वर्षांपूर्वी गिळलेला मानपानाचा अपमान लग्नाच्या पंगतीत पुन्हा दाढेखाली आणणारी आत्या सहाणेवर बसलेली नसते. सहाणेवरचं उगाळणं निराळं असेल, रूप तेवढं सारखं. भांडणाचं उगाळणं मात्र मी गोठ्यातच बांधणार, कोशकारांना काय म्हणायचं ते म्हणू दे.