रोज खिशात ठेवायला पाच हजारांचा घडीचा चाकू पुरेल की वीस हजारांचाच घ्यावा? राहतो रत्नागिरीत.

पाच हजारांचा पुरेल, पण पोलाद बघून घ्या. आपल्याकडे धारेआधी गंज येतो.

या किमतीत डी२ पोलाद सर्रास मिळतं. धार छान टिकते, पण गंज रोखणारं क्रोमियम साधारण १२ टक्केच आणि त्यातलं बरंचसं कार्बाइडच्या कडक कणांमध्ये अडकलेलं, त्यामुळे ते पुरतं स्टेनलेस नाही. माझ्या डी२च्या पात्यावर एका पावसाळ्यात ठिपके आले. त्यात कैरी कापून तसाच मिटला होता, ही चूक माझीच. त्याऐवजी १४सी२८एन पोलादाचा घ्या. गंजाला चांगलं दाद देत नाही आणि घरच्या दगडावर धार पटकन लागते.

महागात एस३०व्ही किंवा मॅग्नाकट पोलाद मिळतं, उघडझाप लोण्यासारखी. धार जास्त दिवस राहते, पण एस३०व्हीला साध्या दगडावर धार लावताना हात भरून येतात. सुंभ, पार्सल, आंबा कापायला एवढं कशाला? होडीवर रोज जात असाल तर मात्र एलसी२००एन पोलाद पाहा, खाऱ्या पाण्यासाठी तेच.

आणि बिजागरीत खोबरेल घालू नका, चिकट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बस.